सहाच्या आत येऊ नका

"नाना, सहाच्या आत परत येऊ नका," रणजित म्हणाला.

लिफ्ट अकराव्या मजल्यावर येऊन थांबली होती. एका हातानं त्यानं दार अडवून धरलं होतं आणि दुसऱ्या हातानं माझ्या शर्टाच्या खिशात थीम पार्कची तिकिटं कोंबत होता. शालन अजून घरातच होती. मृदुला तिला पाण्याची बाटली भरून देत होती.

"सहा म्हणजे दिवसभर झालं की रे."

"सकाळी देऊळ करा, तिथंच जेवा, मग पार्क. दिवस कसा गेला कळणार नाही. पण आईला लवकर आणू नका."

"का? काय आहे आज?"

"संध्याकाळी सांगतो. आत्ता काही विचारू नका. आणि आईला यातलं काही बोलू नका."

शालन पिशवी खांद्याला अडकवत बाहेर आली, तशी त्यानं मान फिरवली. मृदुला दारात उभी होती. ती आमच्याकडं बघून हसली आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत तिथंच उभी राहिली. एरवी ती लगेच आत वळायची.

ही दोन हजार चौदा सालच्या मार्चमधली गोष्ट. मी कराडजवळच्या एका साखर कारखान्यात तेहतीस वर्षं केमिस्ट म्हणून काम करून निवृत्त झालो होतो. रणजित आमचा एकुलता एक. तो आणि त्याची बायको मृदुला सहा वर्षांपासून सिंगापूरला नोकरी करत होते. त्यांनी आम्हाला महिन्याभरासाठी बोलावून घेतलं होतं. आयुष्यातला पहिला विमानप्रवास, पहिलाच परदेश. तीन आठवडे झाले होते, नऊ दिवस उरले होते.

मी मनाची समजूत घालत होतो. घरात काही रंगरंगोटी काढली असेल. शालनला चकित करायला काही आणणार असतील. पण लिफ्टपाशी रणजितच्या कपाळावर घाम होता, आणि तो माझ्याकडं न बघता बोलत होता. लहानपणी काही फोडून आला की असाच बोलायचा.

मेट्रोत शालनला खिडकीपाशी जागा मिळाली. तिथल्या गाड्या जमिनीखालून जातात, खिडकीतून काळ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. तरी ती बाहेरच बघत होती.

"मला काय बरं दिसंना ओ," ती म्हणाली.

"काय झालं? पोटात दुखतंय का?"

"माझं न्हाई. त्या दोघांचं." तिनं आवाज खाली आणला, जसं काही डब्यात सगळे मराठीच बसले होते. "रणजित अभ्यासाच्या खोलीत झोपतो."

"त्याला रात्री अमेरिकेचे फोन असतात."

"शनिवारी-रविवारी पण? आणि ती पोरगी एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचे कपडे घालून स्वयंपाक करती. कणीक मळतानासुद्धा बाही वर सारत न्हाई. कणकेनं भरलेल्या बाह्या धूत बसती."

"ऑफिसात एसी असतो. सवय लागली असेल."

तिनं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा तोंड खिडकीकडं केलं. खिशातली तिकिटं मला टोचायला लागली. वाटलं, सांगून टाकावं. पण सांगणार काय? मलाही काही माहीत नव्हतं. आणि मुलानं विश्वासानं एक काम सांगितलं होतं.

सेरंगून रोडवर कालीचं मोठं देऊळ आहे. दक्षिणेकडच्या पद्धतीचं गोपुर, त्यावर रंगीत मूर्तींची दाटी. बाहेर हारवाल्यांची दुकानं, मोगऱ्याचा वास, कापराचा धूर. शालन तिथं पाऊल टाकताच खुलली. नळावर पाय धुतले, डोक्यावरून पदर घेतला आणि खिडकीवरनं अर्चनेची चिठ्ठी घेतली. ज्याच्या नावानं अर्चना करायची त्याचं नाव आणि नक्षत्र पुजाऱ्याला सांगायचं, अशी तिथली रीत. ती तिला मृदुलानं आधीच समजावून सांगितली होती.

पुजारी मध्यमवयाचा होता. भस्माचे पट्टे, कानात कुड्या. त्यानं खुणेनंच विचारलं.

"रणजित, पुष्य," शालन म्हणाली. "मृदुला, स्वाती."

मला मुलाचंही नक्षत्र आठवत नव्हतं. तिला सुनेचं पाठ होतं.

पुजाऱ्यानं बोट आमच्याकडं केलं. तुमची नावं?

"आमचं नको," ती मला म्हणाली, "सांगा त्यांना. दोघांचंच करा म्हणावं."

मंत्र चालू झाले. मधूनच "मृदुळा" असं ऐकू यायचं. शालननं डोळे मिटून हात जोडले होते. नारळ फुटला, आरती आली, लोक पुढं सरकले, तरी ती हलेना. मी तिच्या दंडाला हात लावला तेव्हा तिनं डोळे उघडले. पापण्या ओल्या होत्या.

"एवढं काय मागितलंस?"

"काय न्हाई. त्या पोरीला बळ दे म्हटलं."

"दोघांना म्हण की."

"तिलाच दे म्हटलं."

साडेबाराला देऊळ बंद करायची वेळ झाली, तसं सगळ्यांना बाहेर काढायला लागले. जवळच्याच एका हॉटेलात आम्ही केळीच्या पानावर जेवलो. शालननं भात चिवडला आणि पान दुमडलं.

"चला घरी जाऊ," ती म्हणाली. "मृदुलाला आज सुट्टी हाय. तिच्या डोक्याला तेल लावून देते म्हटलं होतं मी. ते पाळणे-बिळणे बघून काय करायचंय आपल्याला?"

"तिकिटं काढलीत त्यानं."

"काढू देत."

"पोरानं हौसेनं काढलीत शालन. वाया घालवली तर त्याला काय वाटेल?"

मी हे इतक्या सहज बोललो की माझं मलाच नवल वाटलं. ती थोडा वेळ हाताची बोटं पुसत बसली. मग उठली. "तुमच्या मनात हाय तर चला."

पार्क बेटावर होतं. मेट्रोच्या शेवटच्या स्टेशनवर उतरून छोट्या गाडीनं खाडी ओलांडायची. आत शिरलो तर डोळे फिरले. खोटे किल्ले, खोटे पिरॅमिड, खोटं जंगल. सगळीकडं वाजंत्री आणि पोरांच्या किंकाळ्या. ऊन असं की रस्त्यावरनं वाफा येत होत्या. आमच्या वयाची जोडपी क्वचितच दिसत होती, आणि जी दिसत होती त्यांच्याबरोबर नातवंडं होती.

मी नकाशा उघडून बसलो. कुठल्या खेळाला किती मोठी रांग आहे हे बघून मी मोठ्यातली मोठी रांग निवडत होतो. आपण काय करतोय हे मला कळत होतं. दोन वाजले, अडीच वाजले. मी सारखा मनगटाकडं बघत होतो.

"गाडी चुकतीया का कुठली?" शालननं विचारलं.

"छे. किती वेळ लागेल ते बघत होतो."

"तुम्ही सकाळपासनं गप गप हाय."

"ऊन लागतंय."

तिनं पिशवीतून टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली. ती मृदुलानं घातली होती पिशवीत, माझ्यासाठी आठवणीनं.

एका गोल होडीच्या खेळापाशी आम्ही तासभर उभे होतो. होडीत नऊ माणसं बसतात, पाण्याच्या धारेतून होडी गरगरत जाते, मध्ये अंधारात यांत्रिक राक्षसी प्राणी अंगावर येतात आणि शेवटी होडी उंचावरून खाली कोसळते. भिजायला होतं म्हणून सामान बाहेरच्या लॉकरमध्ये ठेवावं लागत होतं. शालननं पिशवी ठेवली, फोन ठेवला. मीही माझा फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. निदान एवढा वेळ तरी कुणाचा फोन यायचा नाही.

होडी कोसळली तेव्हा शालननं माझा हात घट्ट धरला आणि ती ओरडली. पाण्याचा लोंढा अंगावर आला. आणि मग ती हसायला लागली. थांबेचना. केस कपाळाला चिकटलेले, साडी चिंब, आणि ही बाई लहान पोरीसारखी हसतेय. समोरची दोन चिनी पोरं तिच्याकडं बघून हसायला लागली.

बाहेर पडण्याच्या वाटेवर एक खिडकी होती. होडी कोसळताना फोटो निघतो, तो तिथं पडद्यावर दाखवत होते. आमचा फोटो आला. मी डोळे मिटून बसलो होतो आणि शालनचं तोंड उघडं, दोन्ही गाल वर चढलेले. तिचा असा फोटो आमच्या घरात एकही नव्हता. मी म्हटलं, घेऊ. मी खिसे चाचपत होतो तेवढ्यात ती लॉकरकडं गेली.

मी वळून बघितलं तेव्हा ती फोन हातात धरून उभी होती.

"मृदुलाचे तीन फोन येऊन गेले," ती म्हणाली. "आणि हे आवाजाचं काय पाठवलंय. कसं लावायचं हो?"

मी म्हणू शकलो असतो, नंतर ऐकू. पण तिचं बोट पडद्यावर पडलं आणि मृदुलाचा आवाज त्या गोंगाटात मोठ्यानं यायला लागला.

"आई, मी मृदुला बोलतेय. तुम्हाला न भेटता जाणं मला बरोबर वाटत नाही. पण रणजित म्हणाला, तुम्ही सहाच्या आत येणार नाही, नानांशी त्याचं बोलणं झालंय. मी दुसरीकडं राहायला चाललेय आई. आता परत येणार नाही. तुमच्यामुळं काही झालेलं नाही, तसं मनात आणू नका. कणीक मळून फ्रीजमध्ये ठेवलीय. तुमच्या गोळ्या मायक्रोवेव्हच्या वर आहेत. जपा."

शालननं ते पुन्हा एकदा ऐकलं. मग फोन पिशवीत टाकला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हे माहीत नव्हतं. मला नुसतं सहापर्यंत तुला बाहेर ठेवायला सांगितलं होतं."

"कशासाठी, विचारलं न्हाई?"

"विचारलं. संध्याकाळी सांगतो म्हणाला."

"आणि तुम्ही गप बसला." तिचा आवाज अजिबात चढला नव्हता. "मी तिथं पाण्यात बसून दात काढत हुते, आणि ती पोरगी तिकडं एकटी घर गुंडाळत हुती."

तिनं पदर पिळला आणि चालायला लागली. मी पाठोपाठ.

परतीच्या मेट्रोत थंडी भयंकर होती. ओल्या साडीत ती कुडकुडत होती. मी रुमाल पुढं केला, तिनं घेतला नाही. माझ्याशेजारची जागा रिकामी असून ती दाराजवळ दांडीला धरून उभी राहिली. मला तेव्हाही वाटत होतं की ही माझ्यावर जरा जास्तच रागावलीय. मुलाचा संसार मोडत होता, त्यात माझा काय दोष?

आम्ही पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. इमारतीखाली एक छोटा टेम्पो उभा होता, दोन माणसं त्यात खोकी चढवत होती. रणजित लिफ्टपाशीच होता. आम्हाला बघून त्याचा चेहरा उतरला.

"नाना, मी तुम्हाला सांगितलं होतं—"

शालन त्याच्या शेजारून लिफ्टमध्ये शिरली. आम्ही दोघंही आत घुसलो.

मृदुला हॉलमध्ये जमिनीवर बसून एका खोक्याला चिकटपट्टी लावत होती. आम्हाला बघून ती उठली. त्या दिवशीही अंगात लांब बाह्यांचा कुडता होता.

"आई, तुम्ही भिजलाय—"

शालन तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा हात हातात घेतला आणि बाहीचं बटण काढून बाही हळूच वर सारली. कोपराच्या वर चार डाग होते, पिवळे-निळे. बोटांचे. दुसऱ्या हाताला मनगटापासून एक लांब काळपट वळ होता.

"हे आम्ही यायच्या आधीचं का नंतरचं?"

मृदुलानं रणजितकडं बघितलं नाही. "नंतरचं. मागच्या रविवारी. तुम्ही खाली बागेत फिरायला गेला होतात तेव्हा."

मला तो रविवार आठवला. आम्ही वर आलो तेव्हा ती म्हणाली होती, कपाटाचं दार लागलं. मी म्हणालो होतो, बर्फ लाव.

"आणि आधी?"

"आधीपण."

"आई, हे आमच्या दोघांतलं आहे," रणजित म्हणाला. "तुला एका बाजूचं माहीत आहे. आणि आता ती जातेच आहे ना? संपलं. तुम्हाला त्रास नको म्हणून तर मी—"

"रणजित," शालन म्हणाली, "वाटेतनं बाजूला हो."

ती आमच्या खोलीत गेली. पाच मिनिटांत बाहेर आली ती कोरडी साडी नेसून, हातात एक लहान बॅग घेऊन. मायक्रोवेव्हवरच्या तिच्या गोळ्या तिनं बॅगेत टाकल्या, माझ्या तिथंच राहू दिल्या.

"चल," ती मृदुलाला म्हणाली.

"आई, कुठं? ती एकच खोली आहे. पलंगसुद्धा एकच आहे."

"खोलीला जमीन हाय ना? मी खाली झोपते. नऊ दिवस हायत माझे, तुझं घर लावून देते."

मृदुलानं इतका वेळ स्वतःला सावरून धरलं होतं. आता ती शालनच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. शालन तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली.

"आई, तमाशा करू नकोस," रणजित म्हणाला. "शेजारपाजारचे बघतायत. नाना, तुम्ही सांगा ना तिला."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो हे मला आजही सांगता येणार नाही. बहुतेक म्हणणार होतो, शालन, जरा शांतपणे घे. शालननं मला बोलू दिलं नाही.

"तुम्ही हितं राहा," ती म्हणाली. "त्याच्याजवळ कुणीतरी पायजे. आणि त्याला सांगा."

"काय सांगू?"

"तुम्हाला ठाऊक हाय."

मी वरून गॅलरीतून बघितलं. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी मृदुला बसली आणि तिच्याशेजारी शालन, मांडीवर बॅग घेऊन. शालननं वर बघितलं नाही.

घर अर्धं रिकामं झालं होतं. भिंतीवर फ्रेम काढल्याचे चौकोन दिसत होते. रणजित सोफ्यावर डोकं धरून बसला होता. मी फ्रीज उघडला, मळलेल्या कणकेचा डबा बघितला आणि बंद केला. मला पोळी येत नव्हती. त्यालाही येत नव्हती. आम्ही ब्रेडला लोणचं लावून खाल्लं.

"नाना, मी काही रोज मारत नव्हतो," तो म्हणाला. "रागाच्या भरात झालं. एक-दोनदा. नंतर मी माफी मागायचो, बाहेर जेवायला न्यायचो. तिनं फार ताणून धरलं."

मी ब्रेडचा तुकडा खाली ठेवला.

"रणजित, तू सहा वर्षांचा होतास. आपण कॉलनीत राहत होतो. माझे चीफ केमिस्ट जेवायला आले होते, आणि त्यांच्यासमोर तुझी आई मला उलटून बोलली. ते गेल्यावर मी—"

"मला आठवतं."

अठ्ठावीस वर्षं मी धरून चाललो होतो की पोरगं तेव्हा झोपलं होतं.

"मी दारात उभा होतो," तो म्हणाला. "आईची बांगडी फुटली होती. तिनं ती केरसुणीनं गोळा केली. मी रात्रभर घाबरून होतो की आता ही निघून जाणार. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आम्हाला पालीला यात्रेला घेऊन गेलात. आधी खंडोबाचं दर्शन. मग तुम्ही आईला आकाशपाळण्यात बसवलंत. ती वर गेली तशी ओरडली, मग हसली. मला तुम्ही शिट्टी घेऊन दिलीत. मला वाटलं, मिटलं. असंच मिटवायचं असतं."

बाहेर उजेड होता अजून. खाली बागेत कुणाची तरी मुलं सायकली फिरवत होती.

"आज आईला कुठं पाठवायचं, हा विचार करत होतो," तो म्हणाला, "तर देऊळ आणि पार्क याशिवाय मला काही सुचलंच नाही."

मला त्याला काही सांगायचं होतं. बापानं मुलाला काय सांगायचं असतं अशा वेळी? मी म्हणालो, "मिटलं नव्हतं रे." एवढंच. तो बराच वेळ रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. पण त्याला बरं वाटावं असं काही बोललो नाही. बरं वाटावं असं तिथं काही नव्हतंच.

नऊ दिवस आम्ही बापलेक त्या घरात राहिलो. मी भात लावायला शिकलो. शालनचा रोज सकाळी एक फोन यायचा, गोळी घेतली का, एवढं विचारायला. रणजितनं दोनदा तिला भेटायला यायचं विचारलं. ती म्हणाली, मृदुलाच्या घरी नको, मी खाली येते. ती त्याला एका हॉटेलात भेटली, जेवू घातलं, आणि काय बोलली ते त्यानं मला सांगितलं नाही.

त्यांचा घटस्फोट पुढच्या वर्षी झाला. रणजित तिथंच आहे. तो एका समुपदेशक बाईंकडं जायला लागला, आधी कोर्टानं सांगितलं म्हणून आणि नंतर स्वतःहून. त्यानं पुन्हा लग्न केलं नाही. मृदुलानं केलं. ती दिवाळीला आणि शालनच्या वाढदिवसाला फोन करते. दोघी तासभर बोलतात. शेवटी ती विचारते, नाना कसे आहेत, आणि शालन सांगते, बरे आहेत.

पण मला सांगायचं आहे ते परतीच्या विमानातलं. शालन थेट विमानतळावरच आली. मृदुला तिला सोडायला आली होती, लांबूनच मला नमस्कार करून गेली. विमान वर गेलं, दिवे मंद झाले, शेजारची मुलगी कानाला हेडफोन लावून झोपली. तासभर मी शब्द जुळवत होतो.

"शालन, पालीच्या आदल्या दिवशी," मी म्हणालो, "मी तुझ्यावर हात उचलला होता. मी कधी त्याबद्दल बोललो नाही. चूक होती माझी. एकदाच झालं, पण—"

"दोनदा," ती म्हणाली.

"काय?"

"एकदा न्हाई. दोनदा. पहिलं तुमच्या ध्यानातच न्हाई."

मी तिच्याकडं बघत राहिलो.

"लगीन होऊन सहा महिने झाले हुते. मी कॉलनीतनं चालत उंब्रजला गेले, माहेरी. पायात चप्पल नव्हती. दुसऱ्या दिवशी वडलांनी मला परत आणून सोडली."

वडील आलेले मला आठवत होते. पांढरा फेटा, धोतर. ते पहिल्यांदाच आमच्या घरी आले होते. मी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला, जाताना कारखान्यातली साखर बांधून दिली. ते हात जोडून म्हणाले होते, जावईबापू, पोर लहान आहे, सांभाळून घ्या. मला वाटलं होतं, केवढा मान दिला सासऱ्यांनी. ते का आले होते, हे मात्र माझ्या डोक्यातून पार पुसून गेलं होतं. कशावरून मारलं होतं तेही मला आठवेना. खूप आठवून बघितलं. आठवेना.

"कशावरनं, शालन?"

तिनं अंगावरचं पातळ पांघरूण नीट केलं. खुर्चीत माझ्याकडं वळून बसली. छत्तीस वर्षांच्या संसारात ती कधी माझ्यासमोर अशी पुरती वळून बसल्याचं मला आठवत नाही. सतत हातात काहीतरी काम असायचं.

"सांगते," ती म्हणाली. "पण पुरं ऐकायचं. मधी बोलायचं न्हाई."

मुंबई यायला अजून चार तास होते. तिनं त्या पहिल्या दिवसापासून सुरुवात केली, आणि मी मध्ये बोललो नाही.